कौतुकाचं पत्र

एडिनबरोच्या न्यायालयात मागच्या बाकावर म्हातारी एल्स्पेथ तादालाचा हात धरून बसली होती. मलावीहून आलेल्या तादालाला सरकारने आश्रय नाकारला होता. अकरा वर्षांत माझं आयुष्य इथेच रुजलंय, हे तिचं म्हणणंही मानलं नव्हतं. तो निर्णय कायद्याला धरून आहे का, एवढंच आज न्यायाधीश बघणार होते. चर्चच्या स्वयंपाकघरात तिच्यासोबत रांधणाऱ्या सगळ्या बायकांनी तिच्या मूळ अर्जासोबत तिच्यासाठी पत्रं दिली होती. एल्स्पेथचं तर चांगलं दोन पानी. सरकारी वकिलांनी नेमकं तेच उचललं. "अर्जदाराच्या सर्वांत जवळच्या बाई स्वतःच लिहितात, 'या पोरीला जगात कुठेही नेऊन सोडा, आठवड्यात ती सगळ्यांची लाडकी होईल.' मग मायदेशी का होणार नाही?" ती मायदेशीही रुजेल हा सरकारी अधिकाऱ्याने काढलेला निष्कर्ष कायद्यात बसतो, असं सांगून न्यायाधीशांनी याचिका फेटाळली. एल्स्पेथ ताडकन उठली. "माय लॉर्ड, ते कौतुक होतं हो! खरं सांगू? महाभांडकुदळ आहे ही! सूपमध्ये मीठ कमी म्हटलं, तर चार दिवस माझ्याशी बोलली नाही! आमच्याशिवाय कुणी दारात उभं करणार नाही हिला!" "बाई, इथे नवा पुरावा घेता येत नाही," न्यायाधीश हळू आवाजात म्हणाले. एल्स्पेथ उभीच राहिली. तादालाने तिचा कोट ओढून तिला खाली बसवलं. "आजी," ती म्हणाली, "हे पत्रात लिहायचं होतं ना!"