उद्या लसीकरण बंद

पडद्यावरचा, गेलेल्या मेसेजचा आकडा तीनवर थांबायला हवा होता. तो चार झाला. मग नऊ, मग बावीस.

पुढच्या रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवली. त्याला वाटलं, वेग दाखवतायत. दवाखान्यासाठी ही मेसेजची यंत्रणा लिहिणारी एन्योनाम मात्र स्टेजवरच्या कीबोर्डवर झेपावली. तिने दोन्ही हातांनी कळा दाबल्या. आकडा एकशे शहाऐंशीवर थांबला.

ऑफिसात तिच्या संगणकावर खऱ्या यंत्रणेची खिडकी लाल असायची आणि चाचणीची हिरवी. तसा नियम तिनेच घातला होता. पण लाल अक्षरं शेवटच्या रांगेतून वाचता येत नाहीत असं आयोजकांनी काल सांगितलं, आणि तिने स्वतःच भाषणासाठी दोन्ही खिडक्या काळ्यावर पांढऱ्या करून टाकल्या. आता घानाच्या राजधानीत, अक्रातल्या त्या थंडगार सभागृहात पाचशे प्रोग्रॅमर तिच्याकडे बघत होते, आणि चाचणीच्या तीन फोनऐवजी डोंगरातल्या एकशे शहाऐंशी आयांच्या फोनवर दवाखान्याच्या नावाने मेसेज गेला होता: उद्या लसीकरण बंद आहे. पुढची तारीख कळवू.

उद्या लसीकरण होतं. नर्स महिन्यातून एकदाच यायची, आणि खालच्या खोऱ्यात गोवर सुरू झाला होता.

एन्योनामने तिथल्या तिथे दुरुस्तीचा मेसेज लिहिला. तो जाईना. अचानक इतके मेसेज सुटलेले पाहून फोन कंपनीने दवाखान्याचं खातं उद्यापर्यंत गोठवलं होतं. नर्सला फोन लावला, तर ती कुठल्याशा घाटात, रेंजच्या बाहेर.

"हे नाटक नाहीये," ती माइकमध्ये म्हणाली. "माझ्या हातून खरंच गेलाय तो."

सभागृहात कुजबुज झाली. कुणी हसलं नाही. त्या खोलीत असा एकही माणूस नव्हता ज्याने कधीतरी चुकीच्या खिडकीत कळ दाबली नव्हती.

अंकल एबो अन्साह पायऱ्या चढून वर आले. पुढचं भाषण त्यांचं होतं, विषय होता 'चूक होऊच न देणारी यंत्रणा'. त्यांनी आधी पडद्याची वायर उपटली. "बायकांचे नंबर आहेत तिथे, चव्हाट्यावर कशाला?" मग माइक घेतला. "त्या डोंगरातली एवे भाषा येणारे कोण कोण? हात वर. घरात आईशी बोलता तेवढी आली तरी पुरे."

साठेक हात वर झाले.

"अंकल, पण तुमचं भाषण..."

"माझं भाषण तू आत्ता करून दाखवलंस पोरी. चिठ्ठ्या फाड, नंबर लिही."

प्रत्येकाला तीन नंबर मिळाले. लोक भिंतीकडे तोंड करून, एका कानात बोट घालून बोलू लागले. एरवी एकमेकांशीही मेसेजवरच बोलणारी मंडळी ती, अनोळखी बाईला काय म्हणावं हेच त्यांना सुचेना. एक दाढीवाला तर चक्क स्वतःच्या आईला फोन करून आधी विचारून घेत होता. एका बाईने मेसेज वाचून उद्या शेतावर जायचं ठरवलं होतं, तिने बेत फिरवला. दुसरीने फोन करणाऱ्यालाच झापलं, "तुम्ही शहरातले लोक आमची थट्टा करता का?"

तासाभरात चिठ्ठ्या परत आल्या. एकशे पंच्याहत्तर नंबरांवर बरोबरची खूण होती. अकरा फोन बंद. अकराही टोकोवे गावचे.

टोकोवे सगळ्यांत वरचं गाव, दवाखान्यापर्यंत दोन तासांची उतरण. एन्योनामने एकामागून एक नंबर पुन्हा लावले. नववा वाजला. तिने फोन स्पीकरवर टाकून माइकपाशी धरला.

"कोण?" एक म्हातारी ओरडली.

"आजी, मी दवाखान्यातर्फे बोलतेय. तुमच्या सुनेच्या फोनवर मेसेज आला असेल, उद्या लस नाही म्हणून. तो चुकीचा आहे. माझी चूक झाली."

"कसला मेसेज? फोन आत्ता लावलाय चार्जिंगला. सूर्य निघाला तर वीज, नाही तर नाही. आठवडाभर सगळ्यांचे बंदच."

"म्हणजे कुणीच वाचला नाही?"

"वाचतंय कोण! आणि लस नाही कशी? दवंडीवाला सकाळीच दोनदा फिरून गेला. पोरींनी बाळं पाठीवर बांधायची फडकीसुद्धा धुऊन वाळत घातलीत."

एन्योनामचा जीव भांड्यात पडला. ती स्टेजच्या कडेलाच बसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. खालून टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटच्या चिठ्ठीवर खूण करताना मात्र तिचा हात जरा थांबला. तिच्या तक्त्यात टोकोवेची हजेरी सगळ्या गावांत जास्त होती. तीन वर्षं ती ते श्रेय आपल्या मेसेजना देत आली होती.

"काय झालं?" अंकल एबोंनी विचारलं.

"काही नाही, सगळं ठीक आहे." तिने डोळे पुसले. "पुढच्या वर्षी मला नका बोलावू. त्या दवंडीवाल्याला बोलवा भाषणाला."

"मग घे की त्याचा नंबर."

म्हातारी अजून फोनवरच होती. "आजी, त्या दवंडीवाल्याचा फोन नंबर मिळेल का?"

पलीकडे म्हातारी हसली, खो खो हसली.

"अगं बाई, त्याला कशाला लागतोय फोन?"