नावं पुसलेली गाणी

मुंबईच्या भाच्याने घरी येऊन सहदेवदादांची भीमगीतं रेकॉर्ड केली होती. दादा गेल्यावर त्याने सीडी पाठवली. पण त्याचा कॉम्प्युटर वेगळ्या बनावटीचा. रत्नागिरीच्या कॉम्प्युटरवर गाणी कशीबशी उतरली, मराठी नावांच्या जागी मात्र नुसती प्रश्नचिन्हं.

"आई, तू ऐकून सांग, मी नावं घालते," दर्शना म्हणाली.

पहिल्या गाण्याचा शब्द फुटायच्या आतच कमलाबाई म्हणाल्या, "जयंतीचं."

"अगं, बाबा गायलेत कुठे अजून?"

"दम घेतलानी ना! वरच्या पट्टीचं असलं की असाच छाती भरून घ्यायचे."

पुढचं पाळण्याचं, त्याच्या पुढचं लग्नातलं. नुसत्या श्वासावरून आई सांगत गेली आणि एकही चुकली नाही. दर्शनाला वाटलं, आपण इतकी वर्षं नुसती गाणीच ऐकली.

शेवटची फाइल धड उतरलीच नव्हती. बाबांनी श्वास घेतला आणि आवाज तिथेच तुटला.

"आणि हे कुठलं गाणं?"

दर्शनाने वळून पाहिलं. बाबांनी हाक मारल्यासारखी आई पदर सावरत उठली होती.

"ओ! आले हां," ती म्हणाली.