सुईणीची तपासणी

दुसऱ्यांची बाळंतपणं करण्यात हयात गेलेल्या सुईणीने पोट दुखतंय म्हणून पहिल्यांदाच एक्स-रे काढून घेतला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडात धरला.

"मावशी, तुम्हाला कधी दिवस गेले होते?"

"एकदाच. चाळीस वर्षं झाली. नऊ महिने भरले, कळा आल्या आणि थांबल्या. बाळ काही आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, पोटात काही नव्हतंच, सगळे मनाचे खेळ. मग मीही तसंच धरून चालले."

"मनाचे खेळ नव्हते, मावशी. बाळ पिशवीच्या बाहेर वाढलं होतं. तिथेच गेलं आणि त्याचा दगड झाला. अजून आहे पोटात."

शेकडो बायकांच्या पोटांवरून फिरलेला सुईणीचा हात आपसूक स्वतःच्या पोटावर आला. मग नेहमीच्या सवयीने तिने विचारलं, "डोकं कुठल्या बाजूला आहे?"

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एक्स-रे पाहिला. "खाली."

सुईणीने सावकाश मान हलवली.

"म्हणजे यायला निघालं होतं."