कार्डावरची सही

"हा शब्द तर मला पाठ आहे," वॉचमन म्हणाला. "इन्स्पेक्टेड. आमच्या कारखान्यात आग विझवायची लाल सिलिंडरं आहेत ना, त्यांच्या कार्डावर असतो. त्याच्यापुढे माझी सही."

हेडवॉचमनच्या परीक्षेसाठी सूनबाई त्याला रोज सकाळी इंग्रजी शब्द शिकवायची. सासरे म्हणून गय नाही. चुकले की पुन्हा लिहा! "मग अर्थ सांगा, बाबा."

"अर्थ कसला? महिन्यातून एकदा धूळ पुसायची आणि सही ठोकायची. जुन्या वॉचमननं तसंच दाखवलं होतं."

सूनबाईच्या हातातली पेन्सिल थांबली. "अहो बाबा, इन्स्पेक्ट करणं म्हणजे नीट तपासणं. आग लागली तर हे चालेल, असं तुम्ही लिहून दिलंत."

वॉचमननं बोटांवर वर्षं मोजली. नऊ वर्षं! आणि सूनबाई त्याच कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर शिलाई मशीनवर. साठ बाया, कापडाचे ढीग, उतरायला एकच जिना.

"आज तू जाऊ नकोस."

"खाडा पडेल ना!"

"पडू दे," म्हणत त्यानं चपला अडकवल्या. सुनेला घरी बसवलं खरं, पण बाकीच्या एकोणसाठजणींचं काय? वाटभर त्याला दुसरं काही सुचेना.

पहिलं सिलिंडर उचललं, तर हलकंफूल. काटा शून्यावर. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्या मजल्यावर बाया डबे ठेवून मशीनवर बसत होत्या. "काय मामा, आज सिलिंडर कडेवर घेतलंय?" एकीनं टोमणा मारला. सगळ्या खिदळल्या. त्याला हसू येईना.

सगळी बघून झाल्यावर तो एक सिलिंडर तसंच छातीशी धरून मॅनेजरच्या खोलीत शिरला. "साहेब, बायांना खाली उतरवा. सव्वीसच्या सव्वीस रिकामी आहेत."

मॅनेजरनं आधी दार लावलं. मग कार्डावर बोट ठेवलं. "ही सही कुणाची? तुझी. बोभाटा केलास तर पहिला तूच तुरुंगात जाशील. पुढच्या महिन्यात भरून घेऊ. गपचूप गेटवर जा."

खोटं काहीच नव्हतं त्यात. वॉचमननं कार्डाकडे पाहिलं. त्याच्या प्रत्येक सहीखाली दुसरी एक झोकदार सही होती आणि तिच्याआधी छापलेलं होतं, व्हेरिफाइड. खात्री करून घेतली. हा शब्द सूनबाईनं मागच्याच आठवड्यात घोटून घेतला होता.

त्यानं हात लांब करून भिंतीवरचं सुट्टीच्या घंटेचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. वर खुर्च्या सरकल्या. जिन्यावर पावलं वाजू लागली.

"अरे, वेड लागलं का तुला? आत जाशील!" मॅनेजर ओरडला.

"जाईन, साहेब. पण ही खालची सही तुमची आहे. मला माझ्या शब्दाचा अर्थ आज सकाळी कळला. तुम्हाला तुमचा पहिल्यापासून ठाऊक होता."