जप्त जाळी

“तळं आणखी दोन वर्षं बंद ठेवावं लागेल,” मत्स्यखात्याचे साहेब म्हणाले आणि सभागृहातली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

आज तळं उघडणार म्हणून दोन्ही काठांची माणसं ठेवणीतले कपडे घालून आली होती. मासे परतलेत, हे साहेबांनीच आधी सांगितलं होतं. सरकारी पैशातून सोडलेलं माशांचं बीज जोमाने वाढलं होतं, खातं आणि मच्छीमार मिळून तळं राखत होते, सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं. मग घोडं अडलं कुठे? साहेबांनी बोट दाखवलं. सभागृहाच्या मधोमध यंदा जप्त केलेल्या जाळ्यांचा हा मोठा ढीग रचला होता. “इतके चोर असतील तर तळं उघडल्यावर महिन्याभरात पुन्हा रिकामं होईल.”

अध्यक्षीणबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. तळं राखणाऱ्या मच्छीमार समितीच्या अध्यक्षांची बायको म्हणून लोकांनी थट्टेने ठेवलेलं हे नाव. ढिगाच्या अगदी वरचं जाळं त्यांनी स्वतःच्या हाताने विणलेलं होतं.

चोर कुणी नव्हतेच. पकडलेल्या प्रत्येक जाळ्यामागे राखण करणाऱ्या मच्छीमाराला सरकारकडून बक्षीस होतं. सुरुवातीला खरी जाळी सापडली, मग चोर घाबरून पळाले आणि बक्षीसही आटलं. तेव्हा ही शक्कल पहिल्यांदा कुणाला सुचली देव जाणे. बायकांनी घरी जाळी विणायची, नवऱ्यांनी ती पाण्यात बुचकळायची आणि मोठ्या शौर्याने जप्त करून आणायची. घरोघरी मातीच्या चुली. पुढे पुढे तर आळस इतका वाढला, की काही जाळ्यांना पाणी कसं असतं तेही ठाऊक नव्हतं. तळं बंद असताना पोट कशावर भरायचं, असं म्हणत बाईही विणत राहिल्या. यात कुणाचं काय जातंय, असंच वाटलं होतं.

आता कळलं काय जातंय ते. त्यांचा लेक दूर समुद्रावर परक्याच्या बोटीत राबत होता. तळं उघडलं की येतो, म्हणाला होता. सकाळीच त्यांनी त्याची गादी उन्हात टाकली होती.

त्या उठल्या. ढिगापाशी गेल्या आणि वरचं जाळं ओढून घेतलं.

“साहेब, हे माझं. मी विणलंय. चोर नाहीत इथे. यातलं एकूण एक जाळं आमच्याच घरांतलं आहे. विचारा यांना.”

बाईंनी बायकांकडे पाहिलं. शेजारीण, पलीकडच्या काठाची विहीण, सख्खी धाकटी जाऊ. प्रत्येकीचं जाळं त्या ढिगात होतं आणि प्रत्येकीची मान खाली होती.

“अध्यक्ष, काय म्हणतायत या?” साहेबांनी शेजारी वळून विचारलं.

अध्यक्ष उभे राहिले. बाईंचा जीव भांड्यात पडला. काही झालं तरी माणूस आपला, लेक दोघांचा.

“साहेब, मनावर घेऊ नका,” ते हळू आवाजात म्हणाले. “पोरगा लांब गेल्यापासून हिचं हे असंच चाललंय. काहीही बोलते.”

बाईंना आधी वाटलं, हे दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत. मग ते शब्द डोक्यात शिरले आणि त्यांनी हातातलं जाळं छातीशी घट्ट धरलं. साहेबांच्या चेहऱ्यावरचा राग निवळला होता. त्यांना दया आली होती.

“वहिनी, बसा हं तुम्ही,” ते म्हणाले. “यांना पाणी द्या बघू कुणीतरी.”

धाकटी जाऊ लगबगीने पेला घेऊन आली. पेला धरलेल्या तिच्या बोटांवर जाळ्याच्या दोऱ्याने कापल्याच्या ताज्या रेघा होत्या.