नव्यात काही साठत नाही

“बाणाच्या दिशेनं फिरव, अम्मा. जोर लावू नको. झाकण निघालं की चेंडू आपोआप हातात येतो. मग आतल्या रुळांवरची घाण नखानं काढायची. दर शनिवारी.”

प्रणवेशनं हे एकदाच सांगितलं होतं आणि शेषम्मानं एकदाच केलं होतं, मागच्या वर्षीच्या पोंगलला. पुढचे शनिवार तिच्या व्रतात गेले.

आता तोच माउस हॉलमधल्या टेबलावर होता आणि शेजारी नवा, काळा, चकचकीत. नवा सतीशकुमारनं बंगळूरहून आणला होता. सतीशकुमार हा तिच्या नवऱ्याच्या, हनुमंतरावांच्या बहिणीचा मुलगा.

“बघा मामी. जुन्याच्या पोटात रबरी चेंडू. तो फिरेल तसं पडद्यावर हलतं. धूळ, तेल, जे असेल ते अस्कं त्याला चिकटतं. नव्याला चेंडूच नाही. खाली नुसता लाल दिवा.”

“दिव्यावर चालतो?”

“दिव्यावर. हा जुना ओढला तरी हलत नाही, लग्नाचं जेवून उठल्यासारखा. नवा कसा पळतो! खेळणारी मुलं हाच घेतात.”

“खेळ हा शब्द या घरात नको,” हनुमंतराव पेपरामागून म्हणाले.

सतीशकुमार ओशाळला. मागच्या वर्षीच्या रामनवमीला त्यानंच हसत हसत म्हटलं होतं, “प्रणवेश, विटा फोडायच्या खेळात पहिले दहाही नंबर तुझेच की रे! शेवटचा तर काल चारचा.”

त्या आदल्या दिवशी चार वाजता प्रणवेश कॉलेजात असायला हवा होता. शेषम्मा मारुतीला प्रदक्षिणा घालत होती. रोज चारला, एकशे आठ. हनुमंतराव त्या वेळी झोपलेले असत.

“मी नव्हतो,” प्रणवेश म्हणाला होता. “पोंगलपासून मी हातसुद्धा लावलेला नाही. कुणीही खेळलं तरी नाव आधीचंच राहतं त्यात.”

“मग कोण? मी?” हनुमंतराव म्हणाले. “मी त्या यंत्राला शिवत नाही.”

हनुमंतराव हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. गल्लीत दोघांचं भांडण झालं तर लोक त्यांच्या ओट्यावर येत, कारण ते सांगतील ते खरं. “खोटं बोलणाऱ्याला या घरात पान नाही,” ते म्हणाले. “कबूल कर आणि जेवायला बस.”

प्रणवेश कबूल झाला नाही. पिशवी भरून निघाला.

पायरीवर शेषम्मानं त्याचा हात धरला. “तू खरं बोललास असं कळलं, तर मी स्वतः येईन तुला न्यायला.”

“तुला कधी कळायचं, अम्मा?”

तो ओरत्तनाडूला एका झेरॉक्सच्या दुकानात लागला. बसनं तासाभराची वाट. तेरा महिन्यांत ती एकदाही गेली नाही. नवऱ्याची मनाई होती आणि पोरगा खोटं बोलला हे तिनंही मनात धरलं होतं. शनिवारी ती अळणी जेवायची आणि मारुतीपुढं एकच मागायची, त्याला खरं बोलायची बुद्धी दे.

हनुमंतरावांनी माउस त्याच दिवशी फडक्यात गुंडाळून कपाटात टाकला आणि किल्ली जानव्याला बांधली. आता मठानं आराधना-उत्सवाची पत्रं टाइप करायचं काम दिलं, म्हणून आज सकाळी कपाट उघडलं. फडक्यावर धुळीचा थर होता.

“मला त्यातलं काय कळतंय?” पेपर ठेवून हनुमंतराव टेबलाशी आले. “तूच शिकव.”

त्यांची संध्या नुकतीच झाली होती. छातीवरच्या, दंडावरच्या मुद्रा अजून ओल्या होत्या. पेपराच्या कडेला गोपीचंदनाची बोटं उमटली होती. ती रोजच उमटत. प्रणवेशनं मुंजीनंतर आठ दिवससुद्धा मुद्रा लावल्या नव्हत्या. त्यावरूनही या घरात कमी बोलणी झाली नव्हती.

सतीशकुमारनं दोन गोष्टी दाखवल्या. तिसरी दाखवायच्या आत मामांनी ती करून टाकली.

“अय्यो मामा! मला आठ दिवस लागले होते याला!”

“गणिताचा हात आहे,” हनुमंतराव म्हणाले.

शेषम्माला बरं वाटलं. या वयात कोण एवढं शिकतं? तिनं दोघांपुढं कॉफी ठेवली.

“नव्यात काही साठत नाही, म्हणतोस?”

“काहीच नाही, मामा. वरून पुसलं की झालं.”

“चांगलं आहे. तो जुना टाकून दे. आजच.”

“टाकायचा कशाला?” शेषम्मा म्हणाली. “शाळेतल्या मुलांना देऊ. मी स्वच्छ करून देते.”

“नसता उद्योग कशाला!” हनुमंतरावांचा आवाज उगाचच चढला.

“दान द्यायचं तर मळकं कसं देऊ?” ती हळूच म्हणाली आणि माउस घेऊन मागच्या अंगणात गेली.

बाणाच्या दिशेनं फिरवलं. जोर लावला नाही. चेंडू तळहातावर आला. पोंगलला रुळांवरून काळी वात निघाली होती. आज काळं काहीच नव्हतं. फिकट पिवळा, खडूसारखा जाड थर होता, इतका की रूळ फिरेनात. तिनं तो नखानं खरवडला, पाण्याचा थेंब घेऊन तळहातावर चोळला. हळद नव्हती. बत्तीस वर्षं ती रोज सकाळी संध्येची वाटी घासत आली होती. तो वास तिला डोळे मिटूनही कळला असता.

तिनं हात धुतले. चेंडू त्या वाटीत, गोपीचंदनाच्या खड्याशेजारी ठेवला. चपला घातल्या.

“आत्ताच निघालीस?” हनुमंतरावांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं. “चारला अजून वेळ आहे.”

“ओरत्तनाडूला जाते,” शेषम्मा नेहमीच्याच आवाजात म्हणाली. “संध्याकाळी एक पान जास्त मांडा.”