खालचे सूर

खालचे सूर कानांनी ऐकायचे नसतात, ते अंगात मुरू द्यायचे असतात, असं मुलाने गंभीरपणे जाहीर केलं. त्याची बायको म्हणाली, मुरतील तेव्हा मुरतील, आधी ते खोकं दारातून हलवा. ताईंना आत यायला वाट हवी.

मुलगा बावन्न वर्षांचा होता. वडील घरात होते म्हणून अजून मुलगा होता. ताई ही त्याची मोठी बहीण. ती चार वाजता गाडी घेऊन येणार होती आणि वडिलांना कायमचं आपल्याकडे नेणार होती. वडिलांची बॅग सकाळपासून त्यांच्या खुर्चीशेजारी उभी होती.

वडील निवृत्त सुतार. मुलाच्या स्टिरिओसाठी त्यांनी एकही खिळा न वापरता लाकडी कपाट केलं होतं. चार महिन्यांपूर्वी मुलाने ते भंगारात दिलं आणि काचेचा रॅक आणला. इथपर्यंत एक वेळ निभावलं असतं. पण जुन्या लाकडात आवाज घुसमटतो, असं तो वर पाहुण्यांसमोर म्हणाला. त्या दिवसापासून वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. घरातला सगळा व्यवहार सुनेमार्फत चालू झाला. 'त्याला सांग, पंखा कमी कर,' असं वडील म्हणत, तेव्हा 'तो' चार हातांवर बसलेला असे. तरीही सून निरोप पोचवायची, मगच तो उठायचा. हॉलमधल्या वडिलांच्या कोपऱ्याकडे तर तो चार महिन्यांत फिरकलाच नव्हता.

बायको रोज म्हणायची, दोन शब्द बोला, काही झिजत नाही. तो म्हणायचा, वेळ बघून बोलतो. त्या वेळात त्याने पाच दुकानं पालथी घातली आणि सबवूफर पसंत केला. फक्त खालचे, घुमणारे सूर वाजवणारी ती काळी पेटी दोन माणसांनी उचलून वर आणली.

जोडणी त्याने स्वतः केली. अँप्लिफायरच्या पाठीतून निघालेली केबल पेटीच्या पाठीत खोचली. पेटीची पिन भिंतीत लावली, भिंतीवरचं बटण दाबलं. माहितीपुस्तिका अठ्ठावीस पानांची होती. पहिली नऊ पानं अडाण्यांसाठी असावीत असं ठरवून त्याने दहावं उघडलं. पेटी कुठे ठेवावी, ते तिथे होतं. पेटी तात्पुरती आपल्या बसायच्या जागी ठेवा, संगीत लावा, मग गुडघ्यांवर रांगत खोलीभर फिरा. जिथे घुमारा सगळ्यात दाट लागेल, ती पेटीची जागा.

त्याने पेटी सोफ्यावर, पाठ टेकवून बसवली. एखादा वजनदार पाहुणा बसावा तशी ती दिसत होती. बाकीचे स्पीकर बंद केले, तबकडी लावली आणि रांगायला लागला.

दाराशी काही नव्हतं. खिडकीखाली नव्हतं. टीपॉयला वळसा घालताना त्याला क्षणभर काही जाणवलं, पण ती त्याची दुखरी पाठ होती. सून कपड्यांच्या घड्या घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. हॉलभर बावन्न वर्षांचा माणूस मान खाली घालून रांगत होता आणि कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

मग त्याला लागलं. अगदी खाली, जमिनीतून आल्यासारखी एकसारखी घरघर. तो तिच्या मागे गेला. घरघर दाट होत गेली. भिंतीशी ती अशी काही भरून आली की त्याने डोळे मिटले आणि कपाळ फरशीला टेकवलं.

उघडले तेव्हा समोर वडिलांची पावलं होती.

वडिलांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. बराच वेळ ते त्याच्या डोक्यावरच्या टकलाकडे पाहत राहिले. मग त्यावर हात ठेवला.

"ऊठ," ते म्हणाले. "तोंडाने म्हणाला असतास तरी चाललं असतं रे."

मुलाने मान वर केली. खरं काय ते सांगायला त्याने तोंड उघडलंही होतं. पण दारात बायको उभी होती. हातातल्या घड्या तशाच धरून ती त्याच्याकडे फक्त बघत होती.

"चुकलं माझं, बाबा," तो म्हणाला.

"गुडघे धरतील तुझे," वडील म्हणाले आणि त्याला उठायला हात दिला. नंतर त्यांनी सुनेला हाक मारली आणि बॅगेतले शर्ट पुन्हा कपाटात लावायला सांगितले. ताई चार वाजता आली, चहा पिऊन रिकामी परत गेली. जाताना म्हणाली, एवढंच होतं तर फोन करायचा, पेट्रोल तरी वाचलं असतं.

पेटी ठरल्याप्रमाणे वडिलांच्या खुर्चीशेजारी गेली. दर रविवारी मुलगा तबकडी लावतो आणि मांडीवर हात ठेवून डोळे मिटतो. वडीलही मिटतात. पेटीसाठी ते आता लाकडी बैठक करतायत. आलेले पाहुणे खोलीचं कौतुक करून जातात.

मागच्या महिन्यात फरशी पुसताना सुनेला पेटीच्या पाठीवर आणखी एक बटण दिसलं. ते बंद होतं. तिने ओलं फडकं पिळलं आणि पुढची फरशी पुसायला घेतली.

खुर्चीमागच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आहे. भिंतीला लागून फ्रिज आहे.